हात मागे

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तलावाकाठच्या शेडचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि आतून मिस्त्रींचा आवाज आला, "हात मागे!"

दारातून आत शिरणारी बोटवाली बाई जागच्या जागी थबकली. उभ्या अंगाची, आडव्या अंगाचीही, आणि तलावाच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा गळ्याची बाई ती. पण तिनंही मुकाट्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"घ्या! माझीच बोट, आणि मीच उभी चोरासारखी," ती म्हणाली.

"बोट तुझीच गं. आजच्यापुरती तिची कातडी माझी," मिस्त्री म्हणाले.

शेडचा हा नियमच होता. बोटीला काच चढवायच्या दिवशी आत येणाऱ्या प्रत्येकानं हात पाठीमागे बांधून चालायचं. मालक असो, पोस्टमन असो, कुणीही असो. एकदा तलावखात्याचे मोठे साहेब पाहणीला आले, तर त्यांनाही मिस्त्रींनी दारातच हुकूम सोडला होता, आणि साहेबांनी टोपी काखेत धरून हात मागे घेतले होते. गावात कुणी हात मागे बांधून फिरताना दिसलं, की लोक चेष्टेनं विचारायचे, "काय, शेडमधून आलात वाटतं?"

काच म्हणजे खरोखरीची काच नव्हे. डब्यातून यायचा तो एक पातळ, पाण्यासारखा लेप. अॅल्युमिनियमवर ओढला की वाळून असा पारदर्शक बसायचा, की आहे की नाही ते कळू नये. तलावावरच्या त्या सपाट बोटी दोन लांब, पोकळ, दोन्ही तोंडं बंद असलेल्या नळ्यांवर तरंगायच्या. वर फळ्यांचा ओटा, त्यावर बाकं आणि ताडपत्रीचं छप्पर. नवी बोट पाण्यात उतरायची तेव्हा ते नळे चांदीच्या पेल्यासारखे झळकायचे. पण तलावाचं पाणी जड. तसंच सोडलं तर एका हंगामात नळ्यांवर पांढरे चट्टे यायचे, शेवाळाची रेघ बसायची आणि दुसऱ्या वर्षी तेच नळे जुन्या पातेल्याच्या बुडासारखे काळेराखाडी दिसायचे. मिस्त्री म्हणायचे, "पितळेला घासावं लागतं, लोखंडाला रंगवावं लागतं. याला नुसतं जपावं लागतं."

आणि जपणं सोपं नव्हतं. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं शेवाळ काढायचं, मग पातळ केलेल्या अॅसिडनं नळे धुवायचे, मग लोकरीच्या चकतीनं दिवसचे दिवस पॉलिश. शेवटी थिनरचा हात. एक फडकं ओलं, एक कोरडं; ओलं पुढे, कोरडं लगेच त्याच्या मागे. ते झालं की त्या धातूला उघडा हात लागता कामा नये. कारण लागलेला हात त्या दिवशी दिसत नाही. वरून काच चढते, वाळते, बोट पाण्यात जाते, गिऱ्हाईक खूश होतं. आणि तीन-चार महिन्यांच्या उन्हापाण्यानंतर काचेच्या आतून हळूहळू एक राखाडी पंजा वर येतो. तळव्याचा घाम आत कोंडलेला असतो ना. मग वरून कितीही घासा. सगळी काच खरवडून काढल्याशिवाय तो जात नाही. तोवर बोट तो पंजा मिरवत तलावावर फिरते, आणि काठावरचे लोक विचारतात, "कोणाच्या शेडचं काम म्हणे?"

मिस्त्रींच्या शेडमधून असा पंजा कधी बाहेर गेला नव्हता.

ते स्वतः काच ओढायचे तेव्हा उजव्या हातात फडक्याचा घट्ट बोळा आणि डावा हात पाठीमागे, कमरेवर उलटा ठेवलेला. त्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. तरुणपणी इंजिनाच्या पंख्यात गेलेलं. बाकीचे सगळे कापडी हातमोजे घालायचे. मिस्त्री घालायचे नाहीत. म्हणायचे, "मोजा घातला की हात बहिरा होतो."

त्यांची सून या घरात आली तेव्हा सासू हयात नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून उतरलं की शेड. त्यामुळे एका हाताला कणीक आणि दुसऱ्या हाताला थिनरचा वास, अशीच तिची वर्षं गेली. आधी ती फडकी धुवायची. मग पुसायला लागली. मग तिचं पुसणं इतकं बिनचूक झालं, की शेवटचा थिनरचा हात तिच्याखेरीज कुणाला द्यायला मिस्त्री राजी नसत. पण तिच्या मनात होता बोळा. मोडीत निघालेल्या पत्र्याचे तुकडे ती मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवायची, आणि डब्याच्या तळाशी उरलेली काच त्यांवर ओढून बघायची. एका ओढीत, मध्ये न थांबता, आधीच्या ओल्या कडेवर जेमतेम चढवून. थांबलं की रेघ उमटते. जास्त दाबलं की ओघळ. तिच्या पत्र्यांवर रेघ नसायची.

त्या दिवशी सकाळी चहाला बसल्या बसल्या तिच्या नवऱ्यानं विषय काढला होता. बापाकडे न बघता, कपात बघत.

"बाबा, मागच्या हंगामात दोन बोटींवर ओघळ राहिले."

"एका," मिस्त्री म्हणाले. "दुसरीवर माशी बसली होती."

"माशी बसलेली तुम्हाला दिसली नाही, हेच म्हणतोय मी. गुडघा धरतोय तुमचा, डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. आज एक डाग, एक रेघ जरी दिसली ना, तर उद्यापासून बोळा ठेवायचा. घरी बसायचं निवांत. काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी काही नाही. बसायला जागा तेवढी नाही."

"अख्खं घर आहे की!"

"घरात नुसतं बसतात ते पाहुणे," मिस्त्री म्हणाले, आणि बशीतला चहा संपवून उठले. उठताना टेबलाला हात लावावा लागला. तो कुणी पाहिला नाही असं त्यांना वाटलं असावं.

ते गेल्यावर नवरा बायकोला म्हणाला, "तोंड काय पाडतेस? मला का हौस आहे? बाबांनंतर बोळा तुझ्याच हातात देणार आहे मी. तुझे पत्रे पाहिलेत मी भिंतीपाशी. बाबांचा हात आहे तुझ्याकडे."

कप विसळताना सुनेला स्वतःचेच हात नवे असल्यासारखे वाटले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं चहाच्या कपाबरोबर हातात यावं, आणि गोड लागू नये!

आता शेडमध्ये जमीन शिंपडून धूळ बसवलेली होती. खिडक्या बंद. बोट उंच लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली आणि तिचे दोन्ही नळे असे लखलखीत, की त्यांत माणसं लांबुडकी होऊन चालताना दिसत होती. सुनेनं शेवटचा हात पुसून घेतला होता. वेल्डर कोपऱ्यात काच ढवळत उभा होता. त्याला सगळे ठिणगी म्हणायचे. कामामुळे म्हणा, जिभेमुळे म्हणा.

"बाई, जरा श्वास हळू घ्या," ठिणगी बोटवालीला म्हणाला. "तुमच्या वाऱ्यानं धूळ उडते."

"तुझ्या तोंडावर लावायला उरते का बघ रे ती काच. बंद तरी राहील."

"गप्प," मिस्त्री म्हणाले, आणि शेड गप्प झाली.

त्यांनी बोळा बुडवला, पिळला, आणि पहिली ओढ घेतली. नळ्याच्या टोकापासून सुरुवात करून पाय एकापुढे एक सरकवत ते निघाले. डावा हात पाठीवर. चेहऱ्यावरचं म्हातारपण कुठल्या कुठे गेलेलं. त्या वेळी त्यांच्याकडे पाहणं म्हणजे एखाद्याला लांबच लांब वाक्य एका दमात, न अडखळता बोलताना ऐकणं. पहिला नळा झाला. नवरा वाकून, डोळा कडेला लावून, उजेडाच्या तिरक्या रेषेत बघत होता. त्याला काही सापडलं नाही. तो बोटवालीला घेऊन पलीकडे, आतल्या बाजूनं बघायला गेला. ठिणगी दुसरा डबा उघडायला पाठमोरा झाला.

मिस्त्री दुसऱ्या नळ्याच्या बाहेरच्या अंगाशी आले. खालच्या भागाला बोळा पोचावा म्हणून वाकले, आणि त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला.

आवाज झाला नाही. पडलेही नाहीत. फक्त पाठीवरचा डावा हात सुटून पुढे आला आणि पुसलेल्या, उघड्या नळ्यावर सपाट टेकला. पाण्याच्या रेषेच्या बरोब्बर वर. उतारूंना, काठावरच्या बायकांना, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नावेला दिसेल अशा जागी. एखादा श्वास घेण्याइतका वेळ तो हात तिथे राहिला. मग मिस्त्री सरळ झाले, हात पुन्हा पाठीवर गेला, आणि त्यांनी बोळा उचलला.

सुनेनं ते पाहिलं. तिच्याशिवाय कुणीच पाहिलं नाही.

आता ती बोलली असती, "मामंजी, हात लागला तुमचा," तर ते खरं होतं आणि शेडच्या रीतीला धरून होतं. उद्यापासून मिस्त्री घरात पाहुणे झाले असते आणि बोळा तिच्या हातात आला असता. न बोलावं, तर काच चढली असती, आजचा दिवस साजरा झाला असता, आणि ऐन हंगामात नळ्यावर पंजा उगवला असता. पाचातलं एक बोट आखूड. कोणाचा, ते आंधळ्यालाही कळलं असतं. अख्ख्या तलावानं त्यांना हसावं, हे त्यांच्या म्हातारपणी! आणि तेही जन्मभर इतरांना "हात मागे" म्हणून दटावणाऱ्या माणसाला.

बोळ्याचा मोह तिला झाला नाही असं नाही. झाला. पण मिस्त्रींचा बोळा त्या जागेकडे सरकत होता आणि विचार करायला सवड नव्हती. तिनं हातातले मोजे काढून फेकले, दोन पावलं पुढे झाली आणि दोन्ही उघडे पंजे नळ्यावर थाडदिशी टेकवले, आखूड बोटाचा हात टेकला होता त्या जागेच्या दोन्ही बाजूंना.

"अगं बाई!" ती ओरडली. "पाय घसरला! हात लागले माझे!"

मग जे झालं ते ऐकायला पलीकडच्या काठावरची माणसंही कान टवकारून उभी राहिली असतील. आधी मिस्त्री गरजले. त्यांना असं गरजताना तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"डोळे कुठे होते? एवढी वर्षं या शेडमध्ये काढलीस, आणि उघड्या हातांनी? मोजे काय चुलीत घातलेस?"

"चुकलं, मामंजी."

"चुकलं म्हणे! आण फडकी. सगळी बाजू पुन्हा पूस. टोकापासून टोकापर्यंत!"

नवरा बोटीच्या खालून वाकून धावत आला. नळ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग तिला चालला असता. त्याच्या चेहऱ्यावर फसगत झाल्याचं दुःख होतं.

"आणि तुझ्या हातात मी बोळा देणार होतो," तो हलकेच म्हणाला. "आजपासून तू बोटीपासून लांब राहायचं. फडकी धू. बास."

"असू द्या हो," बोटवाली म्हणाली. "माझ्या बोटीला पंजा काढून देत होती बिचारी. नवी नक्षी!"

"वहिनी, दोन्ही हात लावायची काय गरज होती?" ठिणगी म्हणाला. "एकानं भागलं असतं की."

सून फडकी घेऊन वाकली. ओलं पुढे, कोरडं मागे. डोळ्यांतलं पाणी नळ्यावर पडू नये म्हणून मान वर करून पुसत होती. तोवर ठिणगीनं मिस्त्रींसाठी स्टूल आणलं, आणि "हिचं होईपर्यंत उभं कशाला राहायचं" असं पुटपुटत मिस्त्री त्यावर बसले. गुडघा लांब करून, त्याला हातानं चोळत, ते तिच्या हातांकडे बघत राहिले. ती पुसून उठली तेव्हा तेही उठले. गुडघा मोकळा झाला होता. दुसरा नळा त्यांनी असा ओढला, की वाळल्यावर नवऱ्यानं बॅटरी लावून बघितलं, नखानं बघितलं, कडेनं बघितलं, आणि शेवटी म्हणाला, "नाही. काही नाही, बाबा."

"म्हणजे उद्या येऊ ना कामाला?" मिस्त्री म्हणाले.

मुलगा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "या."

त्या हंगामात सुनेला तलावाकाठी नवं नाव मिळालं: पंजेवाली. ती भाजी घ्यायला गेली की भाजीवाली म्हणायची, "टोमॅटो हात लावून बघ हो, पंजे. त्यांना चालतं." बोटवाली तर भर तलावातून, उतारूंनी भरलेल्या बोटीतून, काठावर धुणं वाळत घालणाऱ्या तिला हाक मारायची, "पंजेऽऽ, हात मागे!" ती हसायची. हसणं हेही एक कामच असतं, ते ती नीट करायची. पण मागच्या अंगणातले पत्रे तिनं भंगारात देऊन टाकले.

वर्ष असं गेलं. पुढच्या हंगामाची पहिली बोट ठोकळ्यांवर चढली. बोटवालीचीच. पंजा कुठेच उगवलेला नव्हता. बोट नुसती नव्या काचेसाठी आली होती. जुनी खरवडून झाली, धुऊन झालं, पॉलिश झालं. शेवटचा हात पुसला नवऱ्यानं स्वतः. सून दाराशी फडक्यांची चळत घेऊन उभी. मिस्त्री आले. सगळ्यांनी हात मागे घेतले.

मिस्त्रींनी खिशातून पांढरा कापडी मोजा काढला. एकच. तो त्यांनी डाव्या हातात घातला. आखूड बोटाच्या जागी मोज्याचं टोक रिकामं लोंबत राहिलं.

"बाबा? मोजा?" मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी बोळा बुडवला, पिळला आणि दाराकडे धरला.

"सूनबाई, ये. आज तू."

"हिला?" मुलगा म्हणाला. "बाबा, गेल्या वर्षी हिनं..."

"गेल्या वर्षी हिचा हात लागला म्हणूनच. ये गं. काच वाळतेय बोळ्यात."

तिचे पाय जागचे हलेनात. तेव्हा मिस्त्री तिच्याजवळ आले, बोळा तिच्या हातात ठेवला, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तू दोन हात लावलेस. पुसताना तीन जागा दोनदा पुसल्यास."

तिनं मान वर केली. मोतीबिंदूनं दुधाळ झालेले ते डोळे हसत होते की आणखी काही, ते तिला तेव्हा कळलं नाही. पुढेही तिनं ते कळून घेतलं नाही.

"मामंजी, मी..."

"बोलू नकोस. दम पुरवून ठेव. लांब आहे नळा."

मग ते स्टुलावर जाऊन बसले, आपणहून, कुणी बसवलं म्हणून नव्हे, आणि बसल्या बसल्याही दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले. तिनं टोकाला बोळा टेकवला आणि निघाली. मध्ये कुठेतरी "दाबू नकोस" असं ऐकू आलं, आणि शेवटाला, ती दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा, नुसतं "हं." एवढ्या वर्षांत मिस्त्रींनी कुणाच्या कामाला "हं" म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मिस्त्री त्यानंतर चार हंगाम रोज शेडमध्ये येत राहिले. बोळा त्यांनी परत हातात घेतला नाही. स्टुलावर बसायचे, कोण आत येतंय याकडे लक्ष ठेवायचे आणि ओरडायचे. पाहुण्यासारखे घरात बसण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. एका दुपारी जेवून शेडमध्ये आले, भिंतीला टेकून झोपले आणि झोपेतच गेले.

ठिणगी दूरच्या एका कारखान्यात लागला. चांगला पगार, पक्कं घर. पण जाळाकडे बघून बघून त्याचे डोळे लवकर अधू झाले. भेटायला आला की म्हणायचा, "वहिनी, आता मला माशी काय, म्हैस बसली तरी दिसत नाही."

बोटवालीची बोट पूल होईपर्यंत चालली. पूल झाला आणि उतारू संपले. त्यानंतर ती बाई पुष्कळ जगली, पण त्या पुलावर तिनं पाय ठेवला नाही. पलीकडे लेकीकडे जायचं झालं तर तलावाला वळसा घालून जायची आणि दमली की पुलाला शिव्या द्यायची.

नवऱ्यानं शेड पुष्कळ वर्षं चालवली. बायकोचा हात बाबांपेक्षाही बरा आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तिला मात्र कधी म्हणाला नाही. गेल्या वर्षी तो गेला. त्या दिवशीचं खरं काय ते तिनं त्याला अखेरपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" आणि त्याला काय सांगणार!

शेडच्या जागी आता बाग आहे. तलावाकाठी हिरवळीवर बोटवालीची जुनी बोट आठवण म्हणून आणून ठेवली आहे, दोन सिमेंटच्या ओट्यांवर. काच कधीच उडून गेली. नळे राखाडी झाले आहेत आणि कंबरेइतक्या उंचीवर त्यांवर हातांच्या खुणाच खुणा आहेत. लोक टेकतात, फोटो काढतात, लहान पोरं थापट्या मारत पळतात. लहान पंजे, मोठे पंजे, एकावर एक.

संध्याकाळी सून तिथवर फिरायला येते. सून म्हणायचं आता नुसतं सवयीनं; तिचेच केस पांढरे झाले आहेत. बोटीपाशी आली की ती थांबते, जरा वाकून तिरक्या उजेडात नळ्याकडे बघते.

"आजी, कंबर दुखते का?" परवा बाकावरच्या एका बाईनं विचारलं. "हात मागे धरून उभ्या आहात म्हणून म्हटलं."

"नाही हो," ती म्हणाली, आणि हात तसेच मागे ठेवून बोटीभोवती सावकाश एक फेरी मारून घरी गेली.